विहिरीजवळच्या वावरावरचं मतविभाजन

इंटरनेटवर लोक मला 'सर' म्हणायचे. मी तेव्हा अमरावतीला राज्यशास्त्रात एम. ए. करत होते. गावाहून रोज ऑटोत कोंबून यायचे, आणि तास आटोपले की बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत पडदा ओढून एका मराठी संकेतस्थळावर संसदेच्या कामकाजावर लिहीत बसायचे. काल सभागृहात काय झालं, ते नियमात बसतं की नाही, अध्यक्षांनी कोणाला कुठे सवलत दिली आणि का द्यायला नको होती, असलं सगळं. माझं टोपणनाव असं होतं की त्यावरून बाई की पुरुष ते कळू नये, आणि सूर असा की हा माणूस दिल्लीत जन्म काढून निवृत्त झालेला सचिव असणार अशी सगळ्यांची खात्री. एकदा एकाने विचारलं, "सर, आपण कोणत्या खात्यातून निवृत्त झालात?" मी लिहिलं, "ते इथे महत्त्वाचं नाही." हे उत्तर लोकांना इतकं भारदस्त वाटलं की त्यानंतर माझ्याशी वाद घालणारे निम्मे झाले.

उरलेल्या निम्म्यांत पुण्याचे एक गृहस्थ होते. ते खरोखरच निवृत्त होते आणि शुद्धलेखनासकट भांडायचे. त्यांचं माझ्याशी पटलं असा एकही दिवस मला आठवत नाही, आणि ज्या दिवशी ते आले नाहीत त्या दिवशी मला करमलं नाही, हेही खरं. कॅफेचे मालक मूळचे अचलपूरचे, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. ते रोज विचारायचे, "काय बेटा, आज हाउस चाललं का बंद पडलं?" बंद पडलं म्हटलं की त्यांचा चेहरा खुलायचा, कारण सभागृह तहकूब झालं की मी जास्त वेळ लिहिते हे त्यांना पाठ झालं होतं.

गावात लोक विचारायचे, मुलीच्या जातीला हे कसलं वेड? (तोंडावर 'मुलीच्या जातीला' असंच म्हणायचे, मीही तोंडावर उत्तर द्यायचे, ते इथे लिहीत नाही.) पण खरं उत्तर आमच्या घरात होतं. आमचं घर एकत्र. बाबांचे थोरले भाऊ म्हणजे आमचे मोठेबाबा, त्यांची बायको मोठी आई, त्यांचा मुलगा दादा, दादाची बायको वहिनी; आणि इकडे बाबा, आई आणि मी. मोठेबाबा माझ्या आईचे भासरे लागत, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आणि आमच्याकडे धाकट्याच्या बायकोनं भासऱ्यांशी तोंडानं बोलायचं नाही, हा रिवाज. त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा, खुर्चीवर बसायचं नाही, आणि जे काही सांगायचं ते तिसऱ्या कोणाला तरी सांगायचं. तो तिसरा कोणी म्हणजे मी. आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणायची, "सांग त्यायले, भाजीत मीठ कमी असंल तं घ्या." मोठेबाबा तीन हातांवर बसलेले, त्यांना स्वच्छ ऐकू आलेलं. तरी ते माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचे, "मोठेबाबा, मीठ कमी असलं तर घ्या." मग ते मला सांगायचे, "सांग तुह्या मायले, मीठ बराबर हाय." बोलायला येऊ लागल्यापासून मी हेच काम करत आले होते.

तर मी पहिल्यांदा टीव्हीवर लोकसभा पाहिली तेव्हा मला ती आमची ओसरीच वाटली. समोरासमोर बसलेली माणसं एकमेकांशी बोलतच नव्हती. जो तो मधल्या खुर्चीकडे बघून म्हणत होता, अध्यक्ष महोदय, यांना सांगा. मी हरखूनच गेले. जगात आणखी कोणीतरी माझं काम करतं, आणि त्याला एवढी मोठी खुर्ची देतात!

मोठेबाबांना माझ्या लिहिण्याचं भारी कौतुक. मी चाचांकडून छापून आणलेले कागद ते चष्मा लावून मोठ्यानं वाचायचे, आणि पारावर जाऊन सांगायचे, "आमच्या पोट्टीले पुण्याचे लोक सर म्हनतात." स्वतःही दुपारची झोप सोडून संसद बघायचे. तेव्हा वऱ्हाडाचं नाव पेपरात एकाच प्रकारच्या बातमीसाठी यायचं. गावात पथकं यायची, कॅमेरे यायचे, आणि मोठेबाबांना वावरात एका विशिष्ट चेहऱ्यानं उभं राहायला सांगायचे. मोठेबाबा नेमके हसायचे. कॅमेरावाला म्हणायचा, काका, जरा गंभीर. मोठेबाबा आणखी हसायचे, कारण 'काका, जरा गंभीर' हेच त्यांना भयंकर विनोदी वाटायचं. म्हणून आमच्या घराचा फोटो कधीच कुठे छापून आला नाही. घरात हसण्यासारखं फार होतं असं नाही. भाव वाढेल या आशेवर समोरची खोली उन्हाळ्यापर्यंत कापसानं भरलेली असायची, आणि कापसाच्या किडीनं घरभर अंगाला खाज सुटायची. पण खाज सुटलेल्या माणसानंही हसू नये असं काही नव्हतं.

एका हिवाळी अधिवेशनात लोकसभेत शेतीच्या संकटावर चर्चा लागली. मोठेबाबांनी सगळ्या घराला टीव्हीसमोर बसवलं, मोठ्या आईला भजी तळायला लावली. एकेक खासदार उठायचा, कळकळीनं बोलायचा. 'विदर्भ' शब्द आला की मोठेबाबा मांडीवर थाप मारायचे. संध्याकाळ झाली, भजी संपली, मंत्र्यांनी उत्तर दिलं, आणि सभागृह दुसऱ्याच विषयाकडे वळलं.

मोठेबाबा म्हणाले, "अन् मतदान?"

मी म्हटलं, "मतदान नाही. ही चर्चा नियम एकशे त्र्याण्णवखाली होती. त्यात सगळ्यांनी बोलायचं, मत घ्यायचं नाही. मत घ्यायचं असेल तर एकशे चौऱ्याऐंशीखाली प्रस्ताव आणावा लागतो."

"म्हंजे नुसतं बोलाचं?"

"नुसतं बोलायचं."

स्वयंपाकघराच्या दारातून आईचा आवाज आला. "सांग त्यायले, आपल्या घरातबी एकशे त्र्याण्णवच चालू हाय."

सगळे हसले. सगळ्यात जोरात मोठेबाबाच हसले, कारण हे त्यांना उद्देशून आहे हे त्यांना अजून कळलं नव्हतं. मला कळलं होतं. दरवर्षी पेरणीच्या आधी आमच्या ओसरीवर बैठक व्हायची. काय पेरायचं यावर सगळे बोलायचे, आईसुद्धा माझ्या तोंडून बोलायची. मोठेबाबा सगळं नीट ऐकून घ्यायचे, मान हलवायचे, आणि मग म्हणायचे, "ठरलं तं मंग." आणि दोन्ही वावरांत पऱ्हाटी, म्हणजे कापूसच, लागायची. आई अकोल्याची, मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरातली. तिचं माहेर फुलांचं. लग्नाआधी तिच्या बोटांत सदा दोरा असायचा. तिला विहिरीजवळच्या वावरात झेंडू लावायचा होता. ती हे लग्न झाल्यापासून सांगत होती. मोठेबाबांनी इतक्या वर्षांत दिलं काय, तर पऱ्हाटीच्या कडेनं झेंडूची एक ओळ, तीसुद्धा कीड तिकडे जावी म्हणून. मला याचा फार राग यायचा. बाबांचाही यायचा, कारण बाबा त्या बैठकीत खाली बघून चटईची काडी उपटत बसायचे.

पुढच्या मे महिन्यात लोकसभेची मतमोजणी आली, आणि संकेतस्थळावर माझा भाव वधारला. त्याचं कारण माझा अकोल्याचा मामा. मामाचं फुलांचं दुकान, आणि मतमोजणीच्या दिवशी हारवाल्याला जेवढं कळतं तेवढं टीव्हीवाल्यांना कळत नाही. हार आधीच सांगून ठेवलेले असतात. सकाळी सगळ्यांनाच आपण जिंकणार असं वाटत असतं. मग फेऱ्या होत जातात, आणि कोणाच्या तरी हारांची चौकशी बंद पडते. मात्र कोणी किती हार सांगितले हे मामा मेला तरी सांगायचा नाही. एका गिऱ्हाईकाचं दुसऱ्याला कळू द्यायचं नाही, हे त्यांच्या धंद्यात फार पाळतात. तो फोनवर एवढंच म्हणायचा, "एक पार्टी सकाळपासून चार वेळा पायून गेली हार झाले का म्हनून, अन् एक पार्टी फोनच उचलून नाई राहिली." बाकी मी ताडायचे. आणि संकेतस्थळावर लिहायचे, "विश्वसनीय सूत्रांच्या माहितीनुसार."

पुण्याच्या गृहस्थांनी विचारलं, "सर, आपली सूत्रं थेट मोजणीच्या टेबलावर दिसतात." माझं सूत्र त्या वेळी दातांत दोरा धरून निशिगंध ओवत होतं.

त्या दिवशी मी एका जागेचा निकाल सगळ्या वाहिन्यांच्या आधी लिहून टाकला आणि तो खरा निघाला. कॅफेत चाचांनी माझ्या खुर्चीमागे गर्दी होऊ दिली, पडदाबिडदा काढून टाकला. पोरं मागून ओरडत होती, "ताई, पुढची फेरी सांग!" दुसऱ्या एका जागेवर मात्र मी सपशेल आपटले. ज्यांचे हार धडाधड उचलले गेले ते उमेदवार पडले. हार एका लग्नाला गेले होते, त्याच आडनावाच्या घरी. मी तेही निमूटपणे लिहिलं, "सूत्रांचा अंदाज चुकला." लोकांना त्याचंही कौतुक. सरांचा प्रामाणिकपणा म्हणे!

घरी आले ती हवेतच होते. कोण जिंकलं, कोण पडलं, कोणाची अनामत गेली, मोठेबाबांना साग्रसंगीत सांगितलं. आईनं यातलं काहीच विचारलं नाही. तिनं विचारलं, "मामाकडे फुलं उरले का?" मी म्हटलं, "पाकळी नाही उरली. पडलेल्यांचे हार सोडवून त्याचेच जिंकलेल्यांना करून दिले." आई समोरच्या खोलीकडे बघत राहिली. तिथे आमचा कापूस होता, आखाच्या आखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठेबाबा चहा पीत असताना ती दारात आली आणि पदर सारखा करून म्हणाली, "सांग त्यायले, मले एकशे चौऱ्याऐंशी पायजे."

मी निरोप दिला. मला वाटलं आता मोठेबाबा बशी आपटणार. पण मी त्या माणसाला ओळखलंच नव्हतं. ते उठून उभेच राहिले. डोळे चमकत होते. "प्रस्ताव? आपल्या घरात? मतदानासंग?" त्यांना जणू घरबसल्या दिल्ली मिळाली होती. "येऊ द्या! सांग तुह्या मायले, रविवारी दुपारी सभा. विषय एकच. विहिरीजवळच्या वावरात पऱ्हाटी का झेंडू."

मग दोन दिवस त्यांनी बोटांवर मतं मोजली. ते स्वतः, मोठी आई, दादा आणि बाबा, असे चार त्यांचे. बाबांबद्दल तर शंकाच नको. बाबांनी जन्मात कधी थोरल्या भावाच्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं. इकडे आई, मी आणि वहिनी, तीन. म्हणजे ते जिंकतच होते. पण मोठी आई त्या आठवड्यात त्यांच्यावर कशावरून तरी रुसलेली होती, आणि कसलेला गडी एवढ्या काठावर समाधान मानत नाही. शनिवारी संध्याकाळी त्यांनी मोठ्या मनानं जाहीर केलं, "सभेले अध्यक्ष पायजे. अन् ह्या घरात अध्यक्ष होयाले लायक एकच मानूस हाय. सांग तुह्या मायले, उद्या खुर्चीवर थे बसंल."

सगळं घर वा वा म्हणालं. मला मात्र डाव क्षणात कळला. अध्यक्षाला एरवी मत नसतं. प्रस्ताव आणणारीचंच मत त्यांनी खुर्ची देऊन काढून घेतलं होतं. चारास दोन. आणि हे सगळं ते माझेच कागद वाचून शिकले होते! मी रागानं लाल झाले. आईला जाऊन म्हटलं, तू नाही म्हण. आई पोळ्या लाटत होती. म्हणाली, "बसू दे मले. खुर्चीवर बसून तं पायते."

रविवारी दुपारी बाहेर असं ऊन की कुत्रंही रस्त्यावर नाही. ओसरीत कूलर घरघरत होता. मध्ये प्लास्टिकची खुर्ची, बाकी सगळे चटईवर. आई डोक्यावर पदर घेऊन आली, खुर्चीकडे एकदा बघितलं, आणि कडेला अगदी टेकून बसली. भासऱ्यांसमोर ती खुर्चीवर बसलेली मी कधी पाहिली नव्हती. कोणीच पाहिली नव्हती. मोठी आई वहिनीला कोपरानं ढोसत होती.

मोठेबाबा उभे राहिले, खाकरले आणि भिंतीकडे बघून म्हणाले, "अध्यक्ष महोदया."

आईनं माझ्याकडे बघितलं. सवयच ती. पण मी आता नुसती सदस्य होते, चटईवर बसलेली. शेवटी आई भिंतीकडेच बघून म्हणाली, "बोला."

लग्न होऊन आल्यापासून तिनं त्यांच्याशी बोललेला तो पहिला शब्द. मोठेबाबा गडबडले, भाषणाची सुरुवातच विसरले. मग सावरले आणि कापसावर असे बोलले, असे बोलले की मलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. हे घर कापसावर उभं आहे, आजोबांची पागोटी कापसाची, तुमची लुगडी कापसाची, आणि फुलं काय, सकाळी तोडली अन् सांजच्याले कचरा. त्यानंतर वहिनी उठली. ती एरवी तोंड उघडत नसे. "अध्यक्ष महोदया, मले इतकंच सांगाचं हाय का कापसाच्या खोलीत झोपून मले खाज सुटते. झेंडूनं खाज सुटल्याचं मी ऐकलं नाई." दादा मध्येच ओरडला, "मंग तुह्या माहेरी काय गालिचे होते का?"

आई म्हणाली, "सन्माननीय सदस्यांनी खाली बसा."

"मी खालीच बसलो हाय, काकू."

"मंग चूप बसा."

मोठी आई पदरात तोंड घालून हसायला लागली ती थांबेचना. मोठेबाबासुद्धा हसले, आणि हसता हसता म्हणाले, "आदेश हाय बाप्पा, चूप बस." माझं भाषण मी तयार करून आणलं होतं, पण ते मला आता आठवत नाही, मी फार वेळ बोलले आणि आईनं मलाही खाली बसवलं, एवढं आठवतं. बाबा चटईची काडी उपटत होते.

मग आवाजी मतदान. आईनं विचारलं, झेंडू लावावा असं म्हणणारे? मी आणि वहिनी ओरडलो, "होय!" लावू नये म्हणणारे? "नाही!" मोठेबाबांचा आवाज असा की कूलरही दबला. आई म्हणाली, "नाहीवाले जास्त दिसतात."

मी उडी मारून उठले. "अध्यक्ष महोदया, मी मतविभाजन मागते!"

हा माझा हक्क होता. आवाज कोणाचा मोठा ते बघायचं नाही, माणसं मोजायची. आईनं मान हलवली. "होयवाले सैपाकघरात जा. नाहीवाले कापसाच्या खोलीत." आणि नेमकी लाईट गेली. कूलर बंद पडला, आणि त्या शांततेत सगळे उठले.

वहिनी आणि मी स्वयंपाकघरात गेलो. बाहेरून पावलं ऐकू येत होती. मोठेबाबा कापसाच्या खोलीत शिरले, त्यांच्या मागे मोठी आई, रुसवा आणि हसू दोन्ही घेऊन, मग दादा. बाबा सगळ्यात मागे. खोलीच्या दारापर्यंत गेले, आणि म्हणाले, "मी जरा पानी पिऊन येतो."

ते स्वयंपाकघरात आले. माठातून गडवा भरून प्यायले. पुन्हा भरला, पुन्हा प्यायले. मग भिंतीला टेकून पाटावर बसले.

मी हळूच म्हटलं, "बाबा, तिकडे मोजणी सुरू होईल."

बाबा गडव्याकडे बघत म्हणाले, "अजून तहान हाय."

मला तिथेच रडू फुटलं. वहिनीनं माझा हात दाबला, तिचे डोळे हे एवढे झाले होते. मी बाबांवर किती वर्षं रागावले होते! आणि हा माणूस पाण्याचा गडवा घेऊन, आयुष्यात पहिल्यांदा, भावाच्या पलीकडच्या खोलीत बसला होता.

कापसाच्या खोलीतून गर्जना झाली. "हरकतीचा मुद्दा! थो मानूस पानी प्यायले गेला हाय, मत द्यायले नाई!"

ओसरीतून आईचा आवाज आला. तो मी आजवर ऐकलेला तिचा आवाजच नव्हता, इतका तो ठाम होता. "जो ज्या खोलीत सापडला, त्या खोलीत मोजला. तिकडे तीन. इकडे तीन."

सगळे धावत ओसरीत आलो. मोठेबाबांच्या डोक्यावर कापूस चिकटला होता. त्यांनी बाबांकडे एकदा बघितलं. बाबांनी मान खाली घातली, पण ते माझ्या बाजूलाच उभे राहिले. मोठेबाबा म्हणाले, "बरं. समसमान. म्हंजे प्रस्ताव पडला."

"नाही पडला," मी म्हटलं. "मतं सारखी झाली की अध्यक्षांनी मत द्यायचं. द्यायचंच, घटनेत तसं आहे. नको म्हणता येत नाही."

ज्या मताला बाहेर काढण्यासाठी मोठेबाबांनी खुर्ची दिली होती, ते मत त्या खुर्चीवरच बसलं होतं. आपण काय करून बसलो हे त्यांच्या चेहऱ्यावर असं हळूहळू उमटत गेलं की दादालासुद्धा हसू आवरेना. पण गडी हार मानणारा नव्हता. त्यांनी बोट वर केलं.

"अध्यक्ष महोदया! आपल्याच पोरीनं मागच्या महिन्यात पुन्यावाल्यांसंग भांडून लिहलं हाय, मी सोता वाचलं. अध्यक्षानं असं मत देताना आपली आवडनिवड पायाची नाई. जे चालू हाय थे तसंच चालू ठेवाचं. असा रिवाज हाय!"

मी लिहिलं होतं. एकदा नाही, तीनदा लिहिलं होतं, पुण्याच्या गृहस्थांचं नाक खाली करायला, आणि वर लिहिलं होतं की यावर दुमत असूच शकत नाही. जे चालू आहे ते म्हणजे पऱ्हाटी. बाबा दोन गडवे पाणी पिऊन आले, आणि मी माझ्याच पांडित्यानं आईचं वावर बुडवलं!

आईनं विचारलं, "खरं हाय का हे?"

"हो," मी म्हटलं. खोटं कसं बोलणार?

"नियम हाय का रिवाज?"

"रिवाज. नियमात लिहिलेलं नाही."

आई खुर्चीत सरकून, पाठ टेकून नीट बसली. पदर डोक्यावर होताच. पण मान वळवून तिनं भिंतीकडे नाही, माझ्याकडे नाही, सरळ मोठेबाबांकडे बघितलं.

"रिवाजच पाळाचा असता, तं मी ह्या खुर्चीवर बसून तुमच्यासंग बोललीच नसती. एक रिवाज तुमी मोडला, मले इथं बसवून. दुसरा मी मोडते. माहं मत झेंडूले."

लाईट अजून आली नव्हती. मोठेबाबा उभे होते तसेच उभे राहिले, मग डोक्यावरचा कापूस हातानं काढला, त्याची उगाच गोळी केली आणि चटईवर बसले. मला भीती वाटत होती, आणि त्याच वेळी पोटातून हसू उकळत होतं, आणि ते दाबायला मी वहिनीचा हात एवढा आवळला की तिनं चिमटा काढला.

मग मोठेबाबा जमिनीकडे बघत म्हणाले, "रोपं अकोल्याहून आनाचे, का इथंच टाकाचे?"

मी सवयीनं आईकडे वळले, निरोप द्यायला तोंडही उघडलं. पण त्यांनी 'सांग तुह्या मायले' म्हटलंच नव्हतं. आई खुर्चीतून उठत होती. पदराचं टोक कमरेला खोचत ती त्यांना म्हणाली, "इथंच टाकू. बी मी कवाच आनून ठेवलं हाय."